न निघालेली शेवटची तबकडी

वाशिंदच्या फलाटावर तुम्ही उभे आहात. साल १९५७, महिना जानेवारीचा. भाताची झोडणी उरकली आहे, खाचरांतल्या उरल्यासुरल्या ओलीवर वाल वर आलाय आणि आसनगावच्या अंगाला माहुलीचे सुळके स्वच्छ दिसताहेत. भातसेवर अजून धरण नाही. खिशात आणे खुळखुळताहेत. नवे पैसे एप्रिलात येतील. मोबाइल अर्थातच नाही. म्हणजे आज संध्याकाळी जे ऐकाल ते टिपून ठेवायची काही सोय नाही, सगळी भिस्त कानांवर. हे आधीच सांगून ठेवायला हवं, कारण तुम्हाला मी एका कलापथकाच्या शेवटच्या अल्बमकडे घेऊन चाललोय, आणि तो अल्बम कधीच निघाला नाही.

गाडी येते. तुमच्या गावाला या रुळांचा मान जुना आहे. १ ऑक्टोबर १८५५ला कल्याणहून वाढवत आणलेली आगगाडी इथं वाशिंदला येऊन थांबली आणि आसनगावापर्यंतचा पुढचा टप्पा खुला व्हायला १८६० साल उजाडलं. चार वर्षांहून अधिक काळ या दिशेला रेल्वेचं शेवटचं ठाणं वाशिंद होतं. शंभर वर्षांनी त्याच रुळांवरून तुम्ही मुंबईला निघालात, आणि ती मुंबई कुणाची, याचाच सध्या वाद पेटलाय.

डब्यात बसायला जागा मिळते. बोलणं एकाच विषयाचं आहे. गेल्या वर्षी, १६ जानेवारी १९५६ला, पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील असं जाहीर केलं. त्याआधी नोव्हेंबर १९५५मध्ये फ्लोरा फाउंटनला गोळ्या चालल्या होत्या. या घोषणेनंतर त्या पुन्हा चालल्या. शंभरावर माणसं गेली. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं. ६ फेब्रुवारीला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. १ नोव्हेंबरला मराठी आणि गुजराती मुलूख एकत्र बांधलेलं द्विभाषिक राज्य गळ्यात पडलं. आता निवडणूक तोंडावर आहे. खडवली गेलं, टिटवाळा गेलं. टिटवाळ्याचा फलाट मागं पडताना एकदा बघून ठेवा, तिथं आपल्याला नंतर उतरायचंय.

परळला उतरता तेव्हा पाळी सुटलेली असते. गिरणीच्या फाटकातून माणसांचा लोंढा बाहेर पडतोय, केसांत, भुवयांत कापसाची पिंज. कामगार मैदानावर गॅसबत्त्या लागल्यात. तुम्ही एका सातारकडच्या गिरणी कामगाराशेजारी मातीत फतकल मारता.

"कुठनं आलात, पाव्हणं?"

"वाशिंदवरनं."

"म्हंजी कल्याणच्या बी म्होरं? मग बसा हितंच. भाषणं लई हुतील, पर शाहीर आल्याबिगर उठू नगा."

भाषणं लांबतात. मग डफावर थाप पडते आणि हजारोंच्या मैदानात कुजबुजही राहत नाही.

मंचावर अमर शेख आहेत. बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल. गिरणीत राबला, संपात उतरला, तुरुंगात गेला, पुढं कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या स्टुडिओत पोहोचला आणि अमर शेख झाला. त्यांच्या आवाजाला लोक पहाडी म्हणतात. तुम्ही मैदानाच्या मागच्या कडेला आहात आणि तरी शब्दन् शब्द छातीवर येऊन आदळतोय. पलीकडं, सावळे, अंगानं किरकोळ, अण्णा भाऊ साठे. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे. दुष्काळानं पिचलेलं कुटुंब घेऊन वडील पायी मुंबईकडे निघाले तेव्हा अण्णा भाऊ दहा-बारा वर्षांचे होते. शाळा त्यांना मिळाली ती दीडेक दिवस. अक्षरं त्यांनी दुकानांच्या पाट्यांवरून, सिनेमाच्या पोस्टरांवरून गोळा केली. हे दोघे आणि द. ना. गवाणकर यांनी मिळून १९४४मध्ये लाल बावटा कलापथक काढलं. पुढच्या वर्षांत कधी तिघं एकत्र, कधी आपापल्या जथ्यासोबत, पण गाणी सगळ्यांची एकच राहिली.

आणि आता अण्णा भाऊंची 'माझी मैना' ही छक्कड सुरू होते.

नीट ऐका. पहिल्यांदा वाटेल, ही शृंगाराची लावणी आहे. गावी ठेवून आलेल्या बायकोची आठवण, तिचं रूप, निरोपाच्या वेळचा तिचा चेहरा. शेजारचा सातारकर डोळे पुसतो, कारण त्याची बायको खरोखरच गावी आहे. परळच्या खोलीत पाळीपाळीनं झोपणाऱ्या बाप्यांमध्ये तिला आणायची कुठं? मग चाल तीच राहते आणि मुंबई येते. उंच इमले, पेढ्या, सट्टा, आणि त्यांच्या पायाशी पोटासाठी वणवण करणारे. शेवटाकडं येता येता ती बाई आणि तोडून वेगळा काढलेला मराठी मुलूख एकच होऊन जातात. सातारकराला भाषण कळलं नसतं असं नाही. पण भाषण त्याच्या डोक्यात गेलं असतं, आणि हे त्याच्या घरात शिरलं. मराठीत राजकीय गाणी पुष्कळ झाली. एका माणसाचा विरह आणि एका प्रांताचा तुटलेपणा इतक्या सहज एका चालीत बसवणारं दुसरं गाणं मी ऐकलेलं नाही.

तुमच्याभोवतीचे लोक झील धरतात. शाहीर ओळ सोडतो, मैदान ती उचलतं. आता तुम्हीही झीलकरी झालात.

इथं थोडं थांबून एक विचारायला हवं. अख्ख्या मुंबई इलाख्यात गाजलेल्या या कलापथकाचा ग्रामोफोन अल्बम का नाही? एक कारण अगदी यांत्रिक आहे. त्या काळच्या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावतात. पोवाडा, छक्कड, वग यांचा श्वास त्याहून कितीतरी लांब. समोरची माणसं पाहून शाहीर ओळी वाढवतो, कालच्या गोळीबाराचं कडवं आज घालतो. तबकडीत बसवायचं तर गाण्याचे हातपायच तोडायला हवेत. दुसरं कारण सत्तेचं. आकाशवाणी सरकारची. कलापथकावर बंदी आली ती मोरारजी देसाईंच्या अमदानीत. मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली तेव्हा अण्णा भाऊंनी त्याच तमाशाला लोकनाट्याचा अंगरखा चढवला. गणात गणपतीऐवजी कष्टकऱ्यांना आणि हुतात्म्यांना वंदन आलं, गवळण गेली, आणि 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन', 'देशभक्त घोटाळे' अशी नावं चाळीचाळीत पोहोचली. तिसरं कारण पैशाचं. या गाण्यांचा श्रोता तबकडी विकत घेणारा नव्हताच. त्याच्याकडं फार तर आण्या-दोन आण्यांची गाण्यांची पुस्तिका असायची, घामानं मऊ पडलेली.

आता एक लांबची उडी मारा. १९९० साल, लंडन. ३१ मार्चला ट्रफाल्गर चौकात पोल टॅक्सविरुद्ध दंगल उसळते, नोव्हेंबरात मार्गारेट थॅचर पंतप्रधानपद सोडतात. याच वर्षी बार्किंग या लंडनच्या पूर्वेकडच्या भागातल्या पोरांचा एक बँड आपला तिसरा आणि शेवटचा अल्बम काढतो: 'बँकिंग, व्हायोलन्स अँड द इनर लाइफ टुडे'. बँडचं नाव मॅकार्थी. अमेरिकेत कम्युनिस्ट हुडकून काढायचा धडाका लावणाऱ्या सेनेटरचं नाव या डाव्या पोरांनी जाणूनबुजून स्वतःला लावलं होतं. मॅल्कम ईडन लिहायचा आणि गायचा, टिम गेन गिटार वाजवायचा. एका छोट्या रेकॉर्डच्या दुकानात शिरा आणि ती तबकडी लावायला सांगा. सूर इतके गोड की पहिल्यांदा तुम्हाला प्रेमगीत वाटेल. खळखळणारी गिटार, जवळजवळ कोवळा आवाज. मग शब्द कळू लागतात आणि लक्षात येतं, हा गाणारा बँकवाल्याच्या, नीतीच्या ठेकेदाराच्या, आपल्याच विरोधकाच्या तोंडानं बोलतोय. त्याला स्वतःच्याच तर्काच्या टोकापर्यंत चालवत नेतोय, कडेवरून पडेपर्यंत.

ही चाल तुम्ही परळमध्ये ऐकून आला आहात. 'शेटजींचे इलेक्शन'मध्ये अण्णा भाऊ शेटजीलाच बोलू देतात. 'देशभक्त घोटाळे' या नावातच माणूस उघडा पडतो. गोड चाल आणि कडू मजकूर, शत्रूचं तोंड आणि आपली जीभ: बार्किंगच्या पोरांना वाटेगावचं नाव ठाऊक असण्याची शक्यता नाही, वाटेगावच्या माणसाला इंग्रजी गिटारीचा सूर ठाऊक नव्हता. तरीही राजकीय गाण्याचा हा खरा अवघड भाग दोघांनी एकाच वाटेनं सोडवला. नुसती घोषणा चालीवर बसवली की गाणं दुसऱ्या दिवशी शिळं होतं. ऐकणाऱ्यानं आधी चालीवर भाळलं पाहिजे, आणि मग आपण कशाला मान डोलावली ते त्याला कळलं पाहिजे.

फरक शेवटात आहे. मॅकार्थी थांबले ते आपण होऊन. तीन अल्बम, मग निरोप. टिम गेननं पुढं लेटिशिया सादिएरसोबत स्टीरिओलॅब नावाचा नवा बँड काढला आणि डावे विचार गोड सुरांत मांडायचं काम तिथं चालू राहिलं. मॅकार्थीचा खप कधी मोठा नव्हता, पण तो शेवटचा अल्बम आजही पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, त्यांनी ठरवलेल्या क्रमानं ऐकता येतो. आपल्याकडं तसा क्रम लावून देणारं कुणी नव्हतं. म्हणून तो आपणच लावायचा. १९५६ ते १९६० या काळात संयुक्त महाराष्ट्रासाठी मैदानांवर, चाळींच्या पटांगणात, एसटीच्या थांब्यांवर आणि बैलगाडीच्या जुवावर उभं राहून जे गायलं गेलं, तोच मी लाल बावट्याच्या माणसांचा शेवटचा अल्बम मानतो. पुढंही ते गायले, १९६२च्या चीन युद्धातही अमर शेखांचा आवाज गाजला. पण त्या तिघांचं बळ, एक मागणी आणि एवढा मोठा झीलकरी समाज पुन्हा एकत्र आला नाही.

त्या अल्बमची शेवटची बाजू ऐकायला १९६०च्या ३० एप्रिलला मुंबईत रात्र काढा. मध्यरात्र उलटल्यावर राजभवनात नेहरूंच्या हस्ते नव्या राज्याचा नकाशा उजळतो. यशवंतराव चव्हाण पहिले मुख्यमंत्री. रस्त्यांवर रोषणाई आहे, तोंडं गोड होताहेत, आणि आनंद खराच आहे. त्यात तुम्हीही मनापासून सामील व्हा, कारण गिरणगावानं हे राज्य रक्त देऊन मिळवलंय. आणि मग तो नकाशा जवळून बघा. बेळगाव, कारवार, निपाणी त्यात नाहीत. डांग नाही. तुमच्याच ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्याची कितीतरी गावं रेषेपलीकडं, गुजरातेत गेलीत. तलासरीकडची इकडं राहिली. समिती जिंकली आणि जिंकताच तिचे घटक पक्ष एकेक करून आपापल्या वाटेनं निघाले. सत्ता ज्यांच्याविरुद्ध ती लढली त्यांच्याच हाती राहिली. त्या छक्कडीतल्या नवऱ्याची आणि मैनेची भेट अर्धीच झाली.

कलापथकासाठी याहून कठीण प्रसंग नाही. हरलात तर गाणं चालू ठेवता येतं. पूर्ण जिंकलात तर विजयाचं गाणं म्हणता येतं. अर्ध्या विजयात लोक घरी जातात.

म्हणून आता १९६९मध्ये उतरा. पावसाळा. या एका पावसाळ्यानं महाराष्ट्राच्या चळवळीचे तीन आवाज नेले. १३ जूनला आचार्य अत्रे गेले, अमर शेखांना रशियन कवीच्या नावानं महाराष्ट्राचे मायकोव्हस्की म्हणणारे, 'मराठा' या आपल्या दैनिकाच्या अग्रलेखांतून तोच लढा गद्यात गाणारे. १८ जुलैला अण्णा भाऊ गेले, वयाची एकोणपन्नाशी पुरी व्हायला दोन आठवडे असताना. तुम्ही त्यांची खोली बघा. 'फकिरा'ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळालेला, १९६१मध्ये रशियाचा प्रवास झालेला, पुस्तकं रशियनमध्ये गेलेली; आणि हयातीची बरीच वर्षं घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांच्याच गल्लीत ते वर्षानुवर्षं राहिले, हे सांगताना आपला ऊर भरून येतो खरा. पण त्या गल्लीतून बाहेर पडण्याची ऐपत त्यांना कुणी येऊ दिली नाही, हेही तितक्याच मोठ्यानं सांगितलं पाहिजे. त्यांच्या मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी, १९ जुलैला, इंदिरा गांधींच्या सरकारनं चौदा मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. पेढीवाल्यांवर आयुष्यभर आसूड ओढणाऱ्या माणसाला ती बातमी एका दिवसानं चुकली.

आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळ रस्त्यावरच्या अपघातात अमर शेख गेले. बावन्न वर्षांचे होते.

या दोन शाहिरांचं काय उरलं, ते मोजायला गेलं की अस्वस्थ वाटतं. अण्णा भाऊंचं लेखन आहे, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं ते जाडजूड खंडात छापलंय. २००२मध्ये टपाल तिकीट निघालं, २०२२मध्ये मॉस्कोत पुतळा बसला. अमर शेखांचा 'कलश' आहे, 'धरतीमाता' आहे, आणि १९६१चा 'प्रपंच' हा चित्रपट आहे, ज्यात ते पडद्यावर चालताबोलताना दिसतात. पण परळच्या त्या रात्रीचा आवाज, मैदानानं उचललेली झील, शाहिरानं ऐनवेळी घातलेलं कडवं, हे ऐकायला कुठली तबकडी काढायची? पुढच्या पिढीच्या बाबतीत नशीब किंचित बरं निघालं. मुलुंडला राहणाऱ्या शाहीर विलास घोगऱ्यांचा आवाज १९८५च्या 'हमारा शहर' या माहितीपटात राहिला, कारण त्याचे दिग्दर्शक आनंद पटवर्धन तिथं कॅमेरा घेऊन होते. अमर शेखांच्या सभेला तसा कॅमेरा नव्हता, ध्वनिमुद्रकही नव्हता. छापलेली ओळ वाचून तो आवाज उभा राहत नाही. त्यासाठी त्या मैदानात बसलेलं माणूस लागतं, आणि तशी माणसं आता नव्वदीकडं झुकलीत. वाशिंद, शहापूर, मुरबाडकडून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्यांची घरं तुम्हाला ठाऊक आहेत. त्या घरांतल्या म्हाताऱ्याला एखादी चाल आठवत असेल, तर ती मोबाइलमध्ये भरून घ्यायला उद्याची वाट बघू नका.

आता टिटवाळा. सांगितलं होतं, इथं उतरायचंय. साल मात्र मागं फिरवा: ७ जानेवारी १९४५. वाशिंदहून गाडीनं या किंवा रुळाच्या कडेकडेनं चालत या, दोनच ठाणी तर आहेत. महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरलीय. हजारो शेतकरी, लाल बावटे. शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी गावोगाव हिंडून माणसं आणलीत. गर्दीत उंबरगाव तालुक्यातले वारली आहेत, लंगोटी लावलेले, सावकार-जमीनदाराच्या वेठीनं वाकलेले. भाषणांच्या मधूनमधून शाहिरी होते, कारण या काळातली कुठलीच किसान सभा गाण्याशिवाय उभी राहत नाही. कलापथक जेमतेम वर्षाचं आहे. अमर शेख अठ्ठावीस वर्षांचे आहेत, अण्णा भाऊ चोवीस. पुढं काय होणार ते यातल्या कुणालाच माहीत नाही, एकट्या तुम्हाला माहीत आहे.

मग झरी गावचे माह्या धांगडा बोलायला उभे राहतात. इतक्या माणसांपुढं एक वारली पहिल्यांदाच आपल्या वेठबिगारीची हकिगत सांगतोय. तुम्ही अगदी जवळ आहात. माणसं उठून उभी राहतात, बावटे हलतात, कुणीतरी डफ हातात घेतो. परिषद आटोपते, वारली आपल्या तालुक्यात परततात, आणि पाच महिने पुरे व्हायच्या आत, २३ मे १९४५ला, झरीला हजारो वारली जमून ठरवतात: आजपासून जमीनदाराच्या शेतावर वेठ करायची नाही.